मन्मथअप्पांनी निवडलेला वॉल्व्ह

लातूरच्या मार्केट यार्डात मन्मथअप्पा खानापुरे यांनी डाळीच्या व्यापारात उभी हयात घालवली, पण फुटणाऱ्या वस्तूची भीती काही त्यांच्या मनातून गेली नाही. दिवाळीत ते कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसायचे. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की काहीतरी काम काढून अंगणात जायचे. नातवाच्या, म्हणजे शिवांशच्या वाढदिवसाला फुगे फुगवायची वेळ आली तेव्हा अप्पांनी सगळ्यांना दम देऊन ते निम्मेच फुगवून घेतले. भिंतीवरचे ते मऊ पडलेले फुगे पाहून पाहुण्यांनी विचारलं, की वाढदिवस आज आहे का मागच्या आठवड्यात झाला. अप्पांना त्याचं काही वाटलं नाही. जपून वागणाऱ्याला लोक हसतात, पण त्याची हाडं शाबूत राहतात, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची बायको दानम्मा नेमकी उलटी. मुलानं दुकान हातात घेतलं, सुनेनं घर, आणि दानम्माचे हात मोकळे झाले. ते मोकळे हात तिला काही सोसवेनात. पंचावन्न ओलांडल्यावर ती गाडी शिकली, आणि लायसन हातात पडताच किल्लारीला जाऊन एक जुनी जीप घेऊन आली. त्या जीपनं आयुष्यभर औसा-किल्लारी रस्त्यावर माणसं वाहिली होती. आत दहा, मागं लटकलेले चार. दानम्मानं तिला नवीन सीटा घातल्या, निळा रंग दिला, बॉनेटवर विभूतीचे तीन आडवे पट्टे ओढले आणि जाहीर केलं, की आता किनवटला जायचं.

किनवटला तिची तुळजाबाई होती. दोघी निलंग्याच्या, एका बाकावर बसून शिकलेल्या. तुळजाबाई पुढं किनवट तालुक्यातल्या एका जंगलातल्या गावी मुलींच्या निवासी शाळेत अधीक्षिका झाली आणि तिथलीच होऊन गेली. दर सणाला तिचा फोन यायचा, ये की एकदा. दानम्मा दर सणाला म्हणायची, येते. त्या गावाला पक्का रस्ता होता, पण फार फेऱ्याचा. जवळच्या वाटेवर एक ओढा होता आणि त्यात गाडी रुतेल अशी गुडघाभर वाळू. जीपचं काम करणाऱ्या मारोती मिस्त्रीनं त्यावर उपाय सांगितला. वाळूत शिरायच्या आधी चारी टायरांतली निम्मी हवा सोडायची. टायर पसरतं, जीप वाळूवरून बदकासारखी जाते. पलीकडं गेल्यावर हवा परत भरायची. पण तिकडं हवा भरणारं दुकान कुठून येणार? तेव्हा जीपमध्येच कॉम्प्रेसर बसवायचा, आणि हवा साठवायला एक लोखंडी टाकी.

हे ऐकताच अप्पा खुर्ची मागं सरकवून उठले. हवेची टाकी, तीही दाबानं भरलेली, आणि ती आपल्या सीटखाली. त्यांनी सरळ नकार दिला. दानम्मानं वाद घातला नाही. तिनं चहाचा कप त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "भ्या तुम्हांला वाटतंय. मग ज्याला भ्या वाटतंय त्यानंच कुलूप निवडावं. टाकीचं जे काय बघायचं ते तुम्ही बघा. मी त्यात बोलणार न्हाई."

अप्पा अडकले. नाही म्हणावं तर बायको एकटी जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मारोतीनं त्यांना गॅरेजमध्ये बसवून सगळं समजावलं. कॉम्प्रेसर हवा ढकलत राहतो. टाकी भरली की त्याला कुणीतरी थांबवायला पाहिजे. ते काम प्रेशर स्विचचं. हवा एका आकड्याला पोचली की स्विच टक् करून बंद होतो, वापरून कमी झाली की परत टक् करून चालू होतो. आणि स्विचच बिघडला, थांबवायचं विसरला, तर मग सेफ्टी वॉल्व्ह. तो पितळेचा बोटाएवढा तुकडा टाकीवर बसतो आणि दाब हद्दीबाहेर गेला की तोंड उघडून हवा बाहेर सोडून देतो. स्विच कॉम्प्रेसरबरोबरच आला होता. एकशे दहा पौंडाला चालू, एकशे पंचेचाळीसला बंद. वॉल्व्ह तेवढा घ्यायचा राहिला होता.

अप्पा दुकानात गेले. दुकानदारानं वेगवेगळ्या आकड्यांचे वॉल्व्ह काउंटरवर मांडले. अप्पांनी एकच विचारलं, की यातला सगळ्यात आधी कोणता उघडतो. दुकानदारानं एकशे पंचवीसचा पुढं केला. अप्पांनी तोच उचलला. धोक्याच्या जितकं अलीकडं थांबावं तितकं बरं, हा त्यांचा साधा हिशेब. मारोती दुसऱ्या एका गाडीखाली पडला होता. त्यानं वॉल्व्हवरचा आकडा न बघताच तो बसवून दिला.

पहिली चाचणी घरासमोरच्या गल्लीत घ्यायची ठरली. त्याच संध्याकाळी शेजारच्या शिवप्पांच्या मुलाची वरात निघत होती. बँड लागला होता, नवरदेव घोडीवर बसला होता, बायका ओवाळत होत्या. दानम्मानं जीप सुरू केली, कॉम्प्रेसरचं बटण दाबलं आणि वरात बघायला खाली उतरली. टाकी भरत गेली. काटा शंभरावर गेला, एकशे दहा, एकशे वीस. आणि एकशे पंचवीसला वॉल्व्हनं तोंड उघडलं.

असा आवाज त्या गल्लीनं कधी ऐकला नव्हता. दहा कुकर एकदम शिट्टी द्यायला लागावेत आणि एकानंही थांबू नये, तसं झालं. घोडीनं पुढचे पाय उचलले, बँडवाल्यांच्या मधून वाट काढली आणि नवरदेवाला घेऊन ती चौखूर निघाली. मागं वऱ्हाडी, वऱ्हाड्यांच्या मागं बँड. घोडी थेट गंजगोलाईत शिरली, गोल बाजाराला एक अख्खी फेरी घातली, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, आपणहून वळून परत आली. नवरदेव मुलखाचा लाजाळू पोरगा. पण परतला तेव्हा फेटा मागं सरकलेला, पाठ ताठ, आणि चेहऱ्यावर असं हसू, की फोटोग्राफरनं सकाळपासून मागूनही त्याला ते मिळालं नव्हतं. गंजगोलाईतले दुकानदार टाळ्या वाजवत बाहेर आले होते म्हणे. शिवप्पा आधी रागानं लाल झाले, पण नवरीकडच्या म्हाताऱ्यांनी अशी वरात बापजन्मात पाहिली नाही म्हणून त्यांची पाठ थोपटली, आणि त्यांचा राग जागच्या जागी विरला.

आणि अप्पा? अप्पा पहिल्या आवाजालाच गल्लीच्या टोकाच्या मठाच्या दारात जाऊन उभे राहिले होते. दानम्मानं जीपपाशी जाऊन बटण बंद केलं तेव्हा कुठं ते बाहेर आले.

त्यांना वाईट वाटलं ते पळाल्याचं नाही. पळायची त्यांना सवय होती. त्यांना वाटत राहिलं, की आपण तर सगळ्यात सुरक्षित वस्तू निवडली होती, मग चुकलं कुठं. मारोतीला विचारलं तर तो डोकं खाजवत म्हणाला, वॉल्व्ह स्विचच्या आधीच उघडतोय, हवा एकशे पंचेचाळीसला पोचतच नाही, मग स्विच बंद तरी कसा होणार. यातलं नीट सांगणारी माणसं नांदेडला आहेत. ट्रकच्या एअर ब्रेकचे पार्ट विकतात. दुसऱ्या दिवशी अप्पांनी टाकीवरची पत्र्याची पट्टी वाचून आकडे डोक्यात ठेवले, वॉल्व्ह खिशात घातला आणि एकटेच एसटीत बसले.

नांदेडच्या त्या दुकानात काउंटरवर वर्षाराणी होती. मालकाची मुलगी, डिप्लोमा झालेली, केसांना पेन्सिल खोचलेली. अप्पांनी गंजगोलाईच्या फेरीसकट सगळी हकीकत सांगितली. ती आधी पोटभर हसली, मग अप्पाही हसले, आणि मग तिनं वॉल्व्ह हातात घेऊन विचारायला सुरुवात केली. टाकीवर काय लिहिलंय? दोनशे पौंड. कॉम्प्रेसर कितीपर्यंतचा? दोनशे. हवा कशात भरायची? जीपच्या टायरात, पस्तीस पौंड.

तिनं काउंटरवर तीन वस्तू ओळीनं ठेवल्या. एक स्विच, एक वॉल्व्ह, आणि टाकीच्या जागी पाण्याची बाटली.

"काका, वॉल्व्ह वाईट न्हाई, जागा चुकली. आधी स्विच, मग वॉल्व्ह, मग टाकी. हा क्रम मोडायचा न्हाई, आन दोघांमधी जरा अंतर ठेवायचं. वॉल्व्ह लई खाली लावला तर तो रोजच वरडतो. रोज वरडणाऱ्याकडं मग कुणी बघत न्हाई, खरंच आग लागली तरी."

अप्पा त्या तीन वस्तूंकडं बघत राहिले. एवढी सोपी गोष्ट, पण आपण ती उलट्या टोकानं धरली होती.

वर्षाराणी म्हणाली, दोन मार्ग आहेत आणि दोन्ही बिनधोक. हाच वॉल्व्ह ठेवून खालचा स्विच घ्या, पंच्याऐंशीला चालू आणि एकशे पाचला बंद होणारा. तुमच्या जीपला तेवढं पुष्कळ. नाहीतर आहे तो स्विच राहू द्या आणि वॉल्व्ह एकशे पंचाहत्तरचा घ्या. तो स्विचच्या वर आणि टाकीच्या खाली, बरोबर मधे बसेल. मग टाकीत हवा जास्त मावेल, आणि वाटेत कुणाची ट्रॉली किंवा मोठी गाडी हवेसाठी अडली तर तिलाही देता येईल. ठरवा तुम्ही, घाई नाही. एवढं बोलून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली.

आधीचे अप्पा असते तर त्यांनी पहिल्या मार्गाला डोळे झाकून हात घातला असता. पण बाकड्यावर बसल्या बसल्या त्यांना दानम्मा दिसायला लागली. रस्त्याच्या कडेला कुणी थांबलेलं दिसलं की हिचा पाय ब्रेकवर गेलाच. परवा औशाच्या रस्त्यावर एका दूधवाल्याची मोटारसायकल बंद पडली, तर हिनं त्याच्या किटल्या जीपमध्ये घालून डेअरीत पोचवल्या. ही बाई किनवटच्या रस्त्यानं जाणार आणि कुणी हवेसाठी हात दाखवला तर पुढं निघून जाणार? शक्यच नाही. आणि तेव्हा आपल्या टाकीत हवा कमी पडली तर तिचं तोंड कसं होईल, हेही त्यांना दिसलं.

"एकशे पंचाहत्तरचा द्या," ते म्हणाले, आणि स्वतःच्या आवाजाचं त्यांना नवल वाटलं.

वर्षाराणीनं वॉल्व्ह द्यायच्या आधी तो दुकानामागच्या चाचणीच्या टाकीवर बसवला. अप्पांना म्हणाली, एकदा ऐकून घ्या, म्हणजे ओळख राहील. अप्पा दारात जाऊन उभे राहिले. काटा चढला आणि बरोबर एकशे पंचाहत्तरला वॉल्व्ह किंचाळला, थोडा दाब उतरला तसा आपणहून गप्प झाला. अप्पांनी पाहिलं, की फुटलं काहीच नाही. पोरगी तिथंच कंबरेवर हात ठेवून उभी. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. या खेपेला ते दारातून टेबलापर्यंत आले. मग अजून एकदा लावायला सांगितलं, आणि वॉल्व्हच्या डोक्यावरची छोटी कडी, जी ओढली की तो हातानंही उघडतो, ती त्यांनी स्वतः चिमटीत धरून ओढली. हवा सुर्र करून बोटांवरून गेली. थंड होती. कडी महिन्यातून एकदा अशीच ओढत जा, म्हणजे वॉल्व्ह जाम होणार नाही, असं तिनं सांगितलं.

निघताना तिनं एक काळी डबी कागदी पिशवीत घालून दिली. ती रिले होती. कॉम्प्रेसर करंट फार ओढतो आणि स्विचचं काळीज नाजूक असतं. सगळा भार त्याच्यावर टाकला तर आतले पॉइंट जळून एकमेकांना चिकटतात, मग स्विच बंदच होत नाही. भार रिलेनं वाहायचा, स्विचनं नुसता हुकूम द्यायचा. मिस्त्रीला नक्की सांगा.

अप्पांनी मारोतीला वॉल्व्ह दिला, पिशवी दिली, निरोपही शब्दाला शब्द सांगितला. मारोतीनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सगळं झालं म्हणून जीप दारात आणून लावली. गल्लीत पुन्हा चाचणी झाली. काटा एकशे पंचेचाळीसला गेला, टक् झालं, आणि सगळं शांत. एवढ्या शांततेनं गल्लीतली पोरं हिरमुसली. अप्पा मात्र जीपला एक प्रदक्षिणा घालून आले.

संक्रांत आटोपून दोघं निघाली. अहमदपूर, लोहा, नांदेड, मग भोकर, हिमायतनगर. किनवटच्या अलीकडं सागवानाचं जंगल सुरू झालं तशी दानम्मा गाणं गुणगुणायला लागली. ओढ्याच्या काठावर अप्पांनी स्वतः उतरून टायरांतली हवा सोडली, जीप वाळूवरून डुलत गेली, आणि पलीकडं त्यांनी एकेका टायरात पस्तीस पौंड हवा भरली. टक् चालू, टक् बंद. दर टक्ला ते दानम्माकडं बघायचे. तिनं हसू दाबलं आणि समोर बघत राहिली.

तुळजाबाईनं दोघांना दारातच ओवाळलं आणि दानम्माला मिठी मारून इतकी रडली आणि इतकी हसली, की वसतिगृहातल्या मुली गोळा झाल्या. मुलींची वेगळीच धांदल चालली होती. दुसऱ्या दिवशी नांदेडला जिल्ह्याचे खो-खोचे सामने होते आणि शाळेचा संघ पहिल्यांदाच तिथवर पोचला होता. कॅप्टन अंजू, कोलाम आदिवासींची सडपातळ पोरगी, अंगणात एकटीच खांबाला धरून वळायचा सराव करत होती. दानम्मानं लगेच ठरवून टाकलं, की आपणही जीप घेऊन त्यांच्या मागं जायचं.

सकाळी मिनीबस पुढं आणि जीप मागं अशी वरात निघाली. मिनीबस वाळू टाळून लांबच्या पक्क्या रस्त्यानं जायची. हिमायतनगरच्या अलीकडं, जिथं दोन्ही बाजूंना नुसतं रान, तिथं बसचं पुढचं टायर बसलं. ड्रायव्हरनं उतरून स्टेपनी काढली, आणि तिच्यावर पाय देऊन बघतो तर तीही सपाट. स्टेपनीची हवा कोण बघतं? वर्षभर ती बसच्या खाली निजून होती. ड्रायव्हर कपाळाला हात लावून खाली बसला. तुळजाबाईनं घड्याळ पाहिलं आणि मुलींना दिसू नये म्हणून घड्याळाचा हात पदराखाली घेतला. वेळेत हजेरी लागली नाही तर संघ बाद. मुली बसच्या पायऱ्यांवर एकीला एक चिकटून उभ्या होत्या.

दानम्मानं अप्पांकडं पाहिलं. अप्पा जीपमधून उतरलेच होते.

स्टेपनीला पंच्याऐंशी पौंड हवा पाहिजे होती. अप्पांनी नळी जोडली. टाकी भरायची, हवा टायरात सोडायची, टाकीचा काटा उतरायचा, ती परत भरायची. जीपच्या चिमुकल्या टायरापुढं हे धूड फार होतं. टक् चालू, टक् बंद, टक् चालू. टायर हळूहळू अंग धरायला लागलं. मुली बसवरून उतरल्या आणि वाकून काटा बघायला लागल्या. निम्म्याच्या वर हवा गेली असेल, तेव्हा ड्रायव्हरनं नळी काढून टायर एकदा आपटून बघायला मागितलं. अप्पांनी नळी काढली. कॉम्प्रेसर टाकी भरत राहिला. काटा एकशे पंचेचाळीसला आला.

टक् झालं नाही.

काटा दीडशेवर गेला, एकशे साठवर गेला, एकशे पंचाहत्तरला टेकला, आणि मग वॉल्व्हनं तोंड उघडलं. पोरी किंचाळून मागं पळाल्या, ड्रायव्हर टायरासकट बाजूला झाला, झाडावरची वानरं दुसऱ्या झाडावर गेली. अप्पा जागेवरच होते. या खेपेला ते पळाले नाहीत. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. नांदेडच्या दुकानात त्यांनी तो मागून मागून ऐकला होता. त्यांनी काट्याकडं पाहिलं. तो एकशे पंचाहत्तरच्या पुढं जात नव्हता. म्हणजे वॉल्व्ह त्याचं काम करत होता. गल्लीत तो उगाच ओरडला होता, आज खरं सांगत होता. अप्पा चालत जीपपाशी गेले, आत हात घातला आणि कॉम्प्रेसरचं मोठं बटण बंद केलं. आवाज उतरत उतरत थांबला.

हात पुसायला फडकं शोधायला त्यांनी डॅशबोर्डचा खण उघडला, तर आत ती कागदी पिशवी, आणि पिशवीत काळी डबी तशीच. मारोतीला ती जोडायचा कंटाळा आला होता, का विसर पडला होता, देव जाणे. सगळा भार एकट्या स्विचवर पडला होता आणि त्याचे पॉइंट चिकटले होते, जसं ती पोरगी म्हणाली होती तसंच.

तुळजाबाईनं भीत भीत विचारलं, की आता संपलं का. अप्पांनी नकाराची मान हलवली.

"संपलं कशानं? स्विच गेलाय, वॉल्व्ह शाबूत हाय. स्विचचं काम मी करतो." आणि दानम्माकडं वळून म्हणाले, "तू इंजन बंद करू नको."

लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती. अप्पांनी दानम्माला असा हुकूम पहिल्यांदाच सोडला, आणि तिनं तो मुकाट्यानं ऐकला. कॉम्प्रेसर जरा थंड होऊ देऊन अप्पा जीपच्या पायरीवर बसले. एक हात बटणावर, डोळे काट्यावर. काटा एकशे दहाला उतरला की चालू, एकशे पंचेचाळीसला पोचला की बंद. थोड्या वेळानं मुलींनाही ते कळलं. काटा वर सरकला की त्या सगळ्या मिळून म्हणायच्या, "टक्", आणि अप्पा बटण बंद करायचे. काटा खाली आला की पुन्हा "टक्". मघाशी चिमण्यांसारख्या अंग चोरून उभ्या असलेल्या पोरी आता हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. अंजूनं काट्याजवळची जागा धरली होती आणि आकडे मोठ्यानं सांगत होती. पंच्याऐंशी भरले तेव्हा ड्रायव्हरनं टायरावर हात आपटला, आणि ते भरल्या घागरीसारखं वाजलं.

नांदेडच्या मैदानावर संघांची नावं पुकारणं चालू होतं तेव्हा मिनीबस फाटकातून आत शिरली. मुली बस थांबायच्या आधीच उतरल्या. दानम्मानं जीप सावलीला लावली आणि दोघं कुंपणाला टेकून उभी राहिली.

अप्पांनी खो-खो शाळेत पाहिला होता तो पाहिला. पण त्या दुपारी त्यांना वाटलं, की आपण दुसरं काही कधी पाहिलंच नाही. अंजू पळायला लागली की माणूस पळतोय असं वाटायचं नाही. पाखरू जमिनीला चिकटून जातंय असं वाटायचं. अंतिम सामन्यात समोरचा संघ शहरातला, बूट चांगले, सराव दांडगा. शेवटच्या डावात गुण बरोबरीत आले, आणि समोरचा एकच गडी उरला असताना अंजूला खो मिळाला. ती खांबाकडं धावली, खांबाला हात घालून सबंध अंग हवेत टाकलं आणि पडता पडता समोरच्या मुलीच्या टाचेला बोट लावलं. शिट्टी झाली. क्षणभर कुणालाच काही कळलं नाही, मग पंचांनी हात वर केला. तुळजाबाई पदर खोचून मैदानात धावली. दानम्मा तिच्या मागं. आणि कुंपणापाशी मन्मथअप्पा खानापुरे दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा प्रयत्न करत होते. ती येत नव्हती, नुसती हवा निघत होती, आणि तरी ते थांबत नव्हते.

संध्याकाळी अप्पांनी सगळ्यांना वर्षाराणीच्या दुकानावर नेलं. तिनं नवीन स्विच बसवला आणि रिले आपल्या हातानं जोडली. मुलींनी दुकानभर फिरून प्रत्येक वस्तूला हे काय, ते काय विचारलं, आणि तिनं प्रत्येकीला उत्तर दिलं. अंजूनं डिप्लोमाला काय काय लागतं तेही विचारून घेतलं. बाहेर तुळजाबाईनं भजी आणि जिलबी मागवली होती. चषक मधे ठेवला होता आणि त्यातही कुणीतरी जिलबी ठेवली होती.

मुलींची बस किनवटकडं निघाली तेव्हा त्या खिडक्यांतून हात काढून ओरडत होत्या, "टक्". अप्पा हात हलवत राहिले, बस वळणाआड गेली तरी.

मग लोह्याच्या रस्त्याला जीप लागली. दानम्माच्या चेहऱ्यावर दिवसाचं हसू तसंच होतं. अप्पा म्हणाले, "हंपीला विरूपाक्षाचं मोठं देऊळ हाय म्हणतात. किती लांब पडतंय गं?"

दानम्मानं त्यांच्याकडं पाहिलं. "रेल्वेनं का जीपनं?"

"जीपनंच की," अप्पा म्हणाले, आणि खिडकीची काच खाली करून बाहेरचं गार वारं तोंडावर घेत बसले.